भिंतीवरचा कामगार : क्रॉफर्ड मार्केट ते लालबाग

गुरुवार : क्रॉफर्ड मार्केट, फोर्ट, चर्चगेट

मुंबईत भिंतीवरची चित्रं बघायची म्हटलं की लोक वांद्र्याचा रस्ता धरतात. मी क्रॉफर्ड मार्केटपासून निघाले, कारण मला चित्रांइतकीच चित्रातली माणसं बघायची होती. हे शहर गिरण्या, गोदी आणि रेल्वेवर मोठं झालं. ज्यांनी ते मोठं केलं, त्यांना इथल्या भिंतींवर कुठे आणि कशी जागा मिळाली, हे पायी फिरून बघावं असं बरेच दिवस मनात होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरले आणि लालबागच्या मावशीला संध्याकाळी जेवायलाच येते म्हणून कळवून टाकलं.

क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ सालची. आत शिरताना नजर फळांच्या ढिगांवर असते. ती जरा वर, दारावरच्या कमानीकडे न्यायची. तिथे शेतात राबणारी माणसं दगडात कोरलेली आहेत. हे काम लॉकवूड किपलिंग यांचं. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकवायला आले होते. साहेबाच्या डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी आहे तो, थोडा जास्तच नीटनेटका. तरी विकत घेणाऱ्याच्या डोक्यावर पिकवणारा बसवला, ही गोष्ट मला मनापासून आवडली. खाली हातगाड्यांची रेटारेटी चालू होती, त्यामुळे फार वेळ मान वर करून उभं राहता आलं नाही.

तिथून चालत फोर्टात. महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत आहे, १९३६ची. तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया उठावात घडवल्या आहेत. भरदार खांदे, ठाम पावलं, आणि प्रत्येकाचं लक्ष आपापल्या कामात. स्वातंत्र्याला अजून ११ वर्षं होती, आणि एका विमा कंपनीच्या दारावर राजा नाही, गव्हर्नर नाही, कारागीर उभे केले गेले. पानसरे यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. मुंबईतल्या भिंतीवरच्या कलेचा इतिहास कुणी सांगू लागलं, तर या इमारतीवाचून तो अपुरा राहील. समोरच्या पदपथावर उभं राहून बघावी. रस्ता अरुंद आहे, त्यामुळे पूर्ण इमारत एका नजरेत मावत नाही, एकेक आकृतीच बघावी लागते आणि तेच बरं.

हुतात्मा चौकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेतच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, त्याची ती खूण. पुढे चर्चगेट. स्टेशनच्या उंच इमारतीवर गांधीजींचं भलंमोठं चित्र आहे, ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी २०१७ मध्ये केलेलं. त्यांची रंगीत त्रिकोण-चौकोनांची पद्धत लांबूनही ओळखू येते. लोकलमधून उतरलेली गर्दी त्या चित्राखालून धावत होती. मान वर करायला कुणाला सवड नव्हती, पण चित्र इतकं मोठं आहे की रस्ता ओलांडताना ते आपोआप डोळ्यांत येतं. भिंतीवरच्या चित्राचा हा मोठाच गुण आहे. गॅलरीत माणूस चित्राकडे जातो, इथे चित्र माणसाच्या वाटेत येतं.

शुक्रवार : ससून डॉक, वांद्रे

अंधार असतानाच कुलाब्याला पोचले. ससून डॉक बघायचा तर पहाटेच, लिलाव चालू असताना. १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भर घालून तो बांधून घेतला. कापसाच्या व्यापारातलं हे घराणं, आणि परळची जी गिरणी पुढे इंडिया युनायटेड नंबर एक म्हणून ओळखली गेली, तीही मुळात ससून यांचीच. म्हणजे या डॉकाचा आणि लालबाग-परळचा धागा कापसाचाच आहे. आज इथे कापूस नाही. बर्फ, टोपल्या, ओली फरशी आणि कोळणींचा आवाज आहे.

२०१७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या स्टार्ट इंडिया फाउंडेशननं इथल्या एका जुन्या गोदामात मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे डॉकवरच्याच माणसांचे मोठे कृष्णधवल फोटो भिंतींवर चिकटवले होते. फ्रेंच कलावंत जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ या जगभर चालणाऱ्या उपक्रमाचा तो भाग होता. ज्यांना रोज वासामुळे नाकाला रुमाल लावून टाळलं जातं, त्यांचे चेहरे बघायला दक्षिण मुंबई रांगेत उभी राहिली. २०२२-२३च्या हिवाळ्यात पुन्हा एकदा इथे तसाच कला महोत्सव झाला.

कागद भिंतीवर किती टिकणार? समुद्राची खारी हवा, पावसाळे. कोळंबी सोलणाऱ्या एका मावशींना मी त्या फोटोंबद्दल विचारलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “आमच्या जावेचा होता की. नातवंडं घेऊन दाखवायला आलेली ती. बोटीएवढं तोंड!” आणि हसल्या. मग म्हणाल्या, “तुमचं काय काम? बाजूला उभ्या राहा, टोपली येतेय.” मी बाजूला झाले. डॉकात फोटो काढायला मनाई आहे. ते बरंच आहे, कारण मग नुसतं बघावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर रंगाचे जे काही जुने तुकडे उरलेत, त्यांचा रंग उडालेला आहे आणि खालून लोणा चढला आहे.

दुपारी वांद्रे. चॅपल रोड आणि रानवार हे ईस्ट इंडियन लोकांचं जुनं गावठाण आहे. उतरत्या कौलांची घरं, लाकडी जिने, कोपऱ्यावर क्रूस, आणि त्यांच्यामधून भिंतींवर चित्रं. इथे चित्रांची दाटी आहे. फोटो काढणारेही पुष्कळ, आणि त्यांच्यातून वाट काढत भाजीच्या पिशव्या घेऊन जाणारे रहिवासीही. काही चित्रं सुंदर आहेत, काही नुसतीच चकचकीत. जुनं घर पाडून इमारत उभी राहिली की भिंतीबरोबर चित्रही जातं. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचा नकाशा घेऊन इथे फिरण्यात अर्थ नाही.

या भागातलं मला जवळचं वाटणारं नाव म्हणजे रणजित दहिया. हरयाणातल्या सोनीपतजवळच्या गावचा हा माणूस. सुरुवातीला घरांना रंग मारायचा. मग चंदीगडला आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकला, आणि २०१२ मध्ये मुंबईत ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. हिंदी सिनेमाची राजधानी असलेल्या शहरात सिनेमाचा माणूस भिंतीवर कुठेच कसा दिसत नाही, हा त्याचा साधा प्रश्न होता. मधुबालाची अनारकली त्यानं याच चॅपल रोडवर रंगवली. मग २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीची अख्खी बाजू दादासाहेब फाळक्यांना दिली.

ते बघायला संध्याकाळी रेक्लमेशनला गेले. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे फाळके. त्यांनी पहिला चित्रपट दादरला राहून केला, १९१३ मध्ये तो गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला. ज्या शहरात त्यांनी घरातलं किडुकमिडुक विकून, बायकोचे दागिने गहाण टाकून सिनेमा उभा केला, तिथे ते आता उड्डाणपुलावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसतात. ऊन-पावसानं रंग उतरला आहे. मला तो तसा उतरलेलाही चालतो. सरस्वतीबाई मात्र त्यांच्या शेजारी असायला हव्या होत्या. फिल्म धुण्यापासून युनिटच्या जेवणापर्यंत सगळं त्या बाईंनी केलं.

शनिवार : माहीम, तुळशी पाइप रोड, लोअर परळ

आज काका बरोबर निघाले. मावशीचे यजमान. १९७८ मध्ये अठराव्या वर्षी बदली कामगार म्हणून गिरणीत लागले, साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात. “मला काय चित्रातलं कळतं?” म्हणाले, पण टोपी घालून आधीच तयार होते.

माहीम स्टेशनच्या पूर्वेला स्टार्ट इंडियानं पूर्ण वस्तीच चित्रांसाठी निवडली आहे. इमारतींच्या बाजूच्या उंच आंधळ्या भिंती, जिथे एरवी पाण्याचे पाइप आणि पिंपळाची रोपं असतात, तिथे चार-पाच मजली चित्रं आहेत. खाली दुकानं, गॅरेज, शाळेतून परतणारी मुलं. इथे चित्र बघायला खास कुणी आलेलं नव्हतं आणि म्हणूनच मला वांद्र्यापेक्षा हा भाग अधिक भावला. एका चित्राखाली उभे राहून काका बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, “परात बांधायला किती दिवस लागले असतील गं?” परात म्हणजे परांची. त्यांचं लक्ष पहिल्यांदा मजुरीकडे गेलं.

तिथून तुळशी पाइप रोड. कागदावर नाव सेनापती बापट मार्ग, पण तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारी जलवाहिनी या वाटेनं गेली, म्हणून जुनी माणसं तुळशी पाइपच म्हणतात. रेल्वेच्या कडेनं लांबच लांब भिंत आहे. ऑगस्ट २००९ मध्ये ‘वॉल प्रोजेक्ट’च्या पुढाकारानं महापालिकेच्या परवानगीनं ही भिंत लोकांना रंगवायला मोकळी केली होती, माहीमपासून दादरच्या दिशेनं. चित्रकार, विद्यार्थी, कुटुंबंच्या कुटुंबं रंगाचे डबे घेऊन आली होती. मुंबईत चित्र काढायला कुणीही यावं, अशी परवानगी सहजी मिळत नाही, म्हणून त्या दिवसाचं महत्त्व मोठं. त्यातलं आज फारच थोडं ओळखू येतं. वर नवे थर बसलेत: सरकारी संदेश, झाडं लावा, पाणी वाचवा, नेत्यांचे वाढदिवस.

दादरच्या फुलबाजारातून पुढे प्रभादेवीकडे येताना रस्त्याचं रूप बदलतं. भिंतींच्या जागी पत्रे. पत्र्यांवर येणाऱ्या टॉवरची चित्रं, निळा तलाव, गोरी माणसं. पत्र्याच्या आत काय होतं ते काका सांगत होते: ही अमकी गिरणी, हे तिचं फाटक, इथे पगाराच्या दिवशी पठाण सावकार उभे. याच रस्त्यावरच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात ३१ जुलै १९२१ला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. आज तिथे काचेचे मनोरे आहेत. चर्चगेटला भिंतीवर जे गांधी पाहिले, ते खरे तर इथे असायला हवेत, या रस्त्याच्या अंगावर. नऊ वर्षांनी, १२ डिसेंबर १९३०ला, विदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू काळबादेवीत चिरडला गेला. तोही गिरणी कामगारच. माझ्या मनातल्या भिंतीवर त्या दोघांना मी शेजारी शेजारी उभं केलं.

लोअर परळला फिनिक्सची चिमणी अजून आहे, मॉलच्या मध्यभागी. आसपासच्या मिलच्या आवारात उपाहारगृहांच्या भिंती रंगवलेल्या आहेत, हात सफाईचा आहे, रंग ताजे आहेत. पण त्यांत गिरणी नाही. मला हे लागलं. मुंबईत गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या नियमांनी तिचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागांना, सार्वजनिक घरांना आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. शेडखालची जमीन मालकाकडे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तेच कायम झालं. बागा, शाळा, घरं यांच्यासाठी जागा मिळाली असती, तर तिथे भिंतीही असत्या आणि त्या भिंतींवर काय काढायचं हे ठरवायला आजूबाजूला राहणारे लोक असते.

काका मॉलच्या दारात आले नाहीत. “तू जाऊन ये चिमणीपाशी. मी इथे चहा घेतो.”

परतताना ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे डिलाईल रोडवर, एका जुन्या काळ्या दगडी कुंपणाला हात लावून ते थांबले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप आजवर कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. त्या महिन्यांत काकांच्या चाळीतली पोरं रात्री भिंती रंगवायची. “चुना आणि गेरू. काथ्याचा कुंचला. बादली मी धरायचो, अक्षर आमच्या जोडीदाराचं. पुरुषभर उंच एकेक अक्षर, आणि एकही ओळ वाकडी नाही. रात्री दोन वाजता, दिवा नसताना!” दगडी भिंतीवर चुना धरत नसे, म्हणून ते गिलावा असलेली भिंत शोधायचे. सकाळी लिहिलेलं पुसलं जायचं, रात्री पुन्हा लिहायचं. मला वाटतं, मुंबईतल्या भिंतींवरचं सर्वांत जिवावर उदार होऊन केलेलं काम हेच, आणि त्याचा एकही फोटो काकांकडे नाही.

रविवार : लालबाग, काळाचौकी

गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. आज आपण सगळेच ती उपभोगतो. त्या रविवारी मावशीनं सकाळी कांदेपोहे करून आम्हाला बाहेर काढलं.

लालबागमध्ये फेस्टिव्हलची चित्रं नाहीत. इथली कला वेगळ्या हातांची आहे: मंडळांचे फलक, व्यायामशाळेच्या भिंतीवरचा मारुती, क्रिकेटच्या सामन्यांची जाहिरात, चिवडा गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या, मसाल्याच्या डंकांवर हातानं लिहिलेले दर. भारतमाता सिनेमाचे फलक एके काळी हातानं रंगत, असं मावशी सांगते. मोठं चित्र करायचं तर लहान चित्रावर चौकोन पाडायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेका घरातली रेघ उचलून न्यायची. एम. एफ. हुसेनसुद्धा मुंबईत सुरुवातीला असेच सिनेमाचे फलक रंगवत. मग फ्लेक्स आला आणि पेंटरांचा हात रिकामा झाला. स्टार्ट इंडियाचे एक संस्थापक हनीफ कुरेशी, जे २०२४ मध्ये फार लवकर गेले, त्यांनी देशभरच्या अशा पेंटरांची अक्षरं जमवून संगणकावर चालतील असे टंक केले होते. त्यांनी बाकी काही केलं नसतं, तरी या एका कामासाठी मी त्यांची ऋणी राहिले असते.

काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या दोन-तीन नंबरच्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं आहे. तिथे बाहेरूनच बघून वळलो.

आणि चाळींमधल्या एका गल्लीत हवं ते सापडलं. क्रीडा मंडळाच्या कार्यालयाची लांब भिंत ताजा पांढरा हात मारून तयार होती आणि पन्नाशीचे एक पेंटर तिच्यावर खडूनं रेघा टाकत होते. मंडळाच्या पोरांना भिंतीवर गिरणी हवी होती. पेंटरांनी मोबाइलवरून एक फोटो घेतला होता आणि त्यावरून मागावर बसलेला माणूस काढला होता.

काका जवळ गेले. “पेंटर, हा हातमाग झाला. गिरणीत कुणी बसत नव्हतं. उभं राहायचं, आणि एका माणसाकडे दोन साचे. एक पुढे, एक पाठीमागे. सारखं वळायचं.” मग त्यांनी वळून दाखवलं. डावा हात दांड्यावर, उजवा हात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याकडे, मान किंचित तिरपी, कारण आवाजात ऐकू येत नाही तेव्हा शेजारच्याच्या ओठांकडे बघावं लागतं. चव्वेचाळीस वर्षांनंतर अंगात ते जसंच्या तसं होतं. पेंटरांनी फडक्यानं खडू पुसला आणि म्हणाले, “तसेच उभे राहा जरा.”

तोवर समोरच्या ओट्यावरून एक आजोबा उठून आले. काकांच्या ओळखीचे, त्रासन म्हणजे सूत कातायच्या खात्यातले. “तुम्ही लोक गिरणी म्हटलं की साचाच काढता,” ते म्हणाले. “सूत काय आकाशातून पडत होतं?” काका गप्प झाले. त्यामागचं कारण दोघांनाही माहीत होतं. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, त्याचा विटाळ मानत, म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात घेतच नसत. जास्त पगाराचं खातं त्यांना बंद, त्यांनी त्रासनात राबायचं. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला होता. या आजोबांचे वडील त्याच काळात त्रासनात होते.

“बरोबर आहे त्यांचं,” काका पेंटरांना म्हणाले. “आधी त्रासन काढा.”

मग दोघांनी मिळून क्रम सांगायला घेतला: ब्लोरूम, कार्डिंग, त्रासन, वाइंडिंग, वार्पिंग, सायझिंग, साचे, फोल्डिंग. वाइंडिंगला बाया होत्या, त्या विसरू नका, असं खिडकीतून एक आवाज आला. पेंटरांनी भिंतीची लांबी पावलांनी मोजली, खडूची सुतळी सोडली, एक टोक आजोबांच्या हातात दिलं, दुसरं काकांच्या, आणि आठ खात्यांसाठी रेघा मारायला सुरुवात केली.